डबलसीट, पण ब्रेक एकाच्याच हातात

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई फोंडा तालुक्यातल्या, वय 49, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. यजमान 54 वर्षांचे, याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी 350 सीसीची मोटरसायकल घेतली आणि दोघं डबलसीट हिंडू लागली. दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला अनमोड घाट उतरताना एका वळणावर मागचं चाक घसरलं. त्यांना खरचटलं, ताईंचं उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. "तेव्हापासून घाट लागला की पोटात गोळा येतो. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत बसते. वर पोचलो की हे विचारतात, मजा आली ना? मी हो म्हणते." येत्या डिसेंबरात लग्नाला 25 वर्षं होतात. यजमानांनी बेत आखलाय: पाच दिवस, सात घाट. चोर्ला, तिलारी, आंबोली, फोंडा घाट, भुईबावडा, गगनबावडा आणि शेवटी अनमोड. सासूबाई म्हणतात, "इतक्या हौसेनं नेतोय तर जा गो, त्याला एकट्याला पाठवू नको." ताई विचारतात, "नाही म्हणून त्यांचा हिरमोड करू, की पाच दिवस दातओठ खाऊन मागे बसू? मी रोज स्कूटरनं शाळेला जाते, म्हणजे गाडीची सवय नाही असंही नाही. मग नवऱ्याला एवढीही साथ देता येऊ नये का मला?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: मी रोज स्कूटरनं शाळेला जाते. आपल्या गोव्यात बाईनं स्कूटर चालवण्यात नवल ते काय, म्हणून तुम्ही ते ओझरतं लिहिलं असेल. पण मला तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथंच दिसली. ज्या बाईला पावसापाण्यात, खड्ड्यांतून, समोरून येणारा टिप्पर चुकवत शाळेच्या घंटेआधी पोचायची सवय आहे, तिला दुचाकीची भीती वाटते असं मला वाटत नाही. तुम्हाला भीती वाटते ती मागच्या सीटची. तिथं हँडल नाही, ब्रेक नाही, आणि समोर दिसते ती नवऱ्याची पाठ.

दोन्ही भीती वेगळ्या आहेत. कोकणातल्या घाटात एसटीनं गेलेल्या कोणालाही विचारा. ओकाऱ्या प्रवाशांना होतात, ड्रायव्हरला होत नाहीत. घाट तोच, वळणं तीच. पण ड्रायव्हरचे हात वळणाच्या आधी हललेले असतात, पुढं काय होणार हे त्याच्या शरीराला ठाऊक असतं. मागच्याला ते झाल्यावर कळतं. ब्रेक कधी लागणार, गाडी किती झुकणार, ट्रकला ओव्हरटेक करणार की त्याच्या मागंच राहणार, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. एकदा पडून हाड मोडलेलं शरीर अशा जागी ताठरणारच. याला भित्रेपणा म्हणू नका. शरीर आपलं काम करतंय.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल. तुम्ही 'साथ देणे' आणि 'मागे बसणे' हे एकाच अर्थानं लिहिलंय. सासूबाईंच्या बोलण्यातही तेच आहे, आणि त्यांच्या पिढीला ते तसं वाटणं मी समजू शकते. पण तुमच्या यजमानांना नेमकं काय हवंय, हे तुम्ही त्यांना विचारलंय का? नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, आता बायकोबरोबर वाट फुटेल तिकडं हिंडायचं, ही त्यांची हौस आहे. त्या हौसेत 'बायकोबरोबर' हा शब्द मोठा की 'सात घाट' हा? तुम्ही मनातल्या मनात सात घाट धरलेत. मला खात्री नाही की तेही तसंच धरून बसलेत.

आणि थोडं कठोर वाटेल, पण लिहिते. 'मजा आली ना' या प्रश्नाला तुम्ही दोन वर्षं 'हो' म्हणताय. त्यांच्याकडे खरी माहितीच पोचलेली नाही. त्यांनी सात घाटांचा बेत केला तो तुमच्या 'हो'वर विसंबून. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, हे मला दिसतं. पण उद्या पाचव्या घाटात तुम्हाला रडू फुटलं आणि तेव्हा त्यांना कळलं की आधीच्या सगळ्या फेऱ्यांत ही डोळे मिटून बसली होती, तर तो धक्का आजच्या नकारापेक्षा कितीतरी मोठा असेल.

दुसरं गृहीत असं की घाबरणं म्हणजे त्यांच्या चालवण्यावर अविश्वास दाखवणं. हे मोडून काढायला त्या दिवसाकडे पुन्हा पाहू या. जूनची सुरुवात होती. पहिल्या पावसात रस्ता सगळ्यांत निसरडा असतो, कारण उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल, डिझेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते आणि तिचा बुळबुळीत थर होतो. चार जोरदार सरी पडून तो धुऊन गेला की रस्ता त्या मानानं बरा. अनमोडवरून मालाचे ट्रक सतत जातात, त्यामुळे सांडलेलं तेल आणि वळणावर पसरलेली बारीक खडी तिथं नवी नाही. शिवाय तुम्ही उतरत होता. उतारावर गाडीचा भार पुढं येतो, मागचं चाक हलकं होतं, आणि हलक्या चाकाला जरा जास्त ब्रेक लागला की ते सरकतं. त्या दिवसाची तारीख, तो उतार आणि ते वळण तिन्ही तुमच्या विरुद्ध होते. यात 'ते वाईट चालवतात' असंही निघत नाही आणि 'मी नीट बसले नाही' असंही निघत नाही.

मात्र एक गोष्ट तुम्हाला स्वतःलाच तपासावी लागेल, कारण पत्रात ती नाही. हळू चालवा म्हटल्यावर ते हळू चालवतात का? सोबत मित्रांच्या गाड्या असल्या की त्यांचा वेग वाढतो का? वळणावर पुढचं दिसत नसताना ओव्हरटेक करतात का? यांपैकी कशाचंही उत्तर वाईट असेल, तर तुमची भीती घालवायच्या मागे लागू नका. ती खरं तेच सांगतेय. तिचं ऐका आणि मागे बसू नका, मग पंचविसावा वाढदिवस असो की पन्नासावा. पुढचं सगळं मी ते समजूतदारपणे चालवतात असं धरून लिहितेय.

इथं मला माझी एक आठवण सांगावीशी वाटते. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा बेती-पणजी फेरीबोटीवर केवढी गर्दी व्हायची ते आपल्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मी तेव्हा नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कामाला जात असे. फेरीच्या धक्क्याचा उतार ओला, शेवाळलेला. तिथं आलो की मागे बसलेले सगळे उतरायचे. बायका, पुरुष, कॉलेजची मुलं, सगळे. पुढचा एकटा गाडी खाली न्यायचा, बोटीत चढवायचा, आणि आम्ही चपला सांभाळत चालत जायचो. कोणी कोणाला भित्रं म्हटलं नाही, कोणा नवऱ्याचा अपमान झाला नाही. ती जागा दोघांनी बसून जायची नव्हे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. आजही फेरीच्या उतारावर कितीतरी जण उतरताना मी बघते.

घाटातही अशा जागा असतात. रस्त्याचं काम चालू आहे, खडी पसरलीय, दरडीची माती वाहून आलीय, तिथं "थांबा, मी उतरते" म्हणून शंभर पावलं चालत गेलात तर तुमच्या गुडघ्यांनाही बरं आणि त्यांच्या हातांनाही. मागच्या माणसाचं वजन उतरलं की खडीवर गाडी सांभाळणं खरोखर सोपं जातं. मागच्या सीटला ब्रेक देता येत नाही, पण उतरायचा हक्क देता येतो, आणि हे तुम्ही दोघांनी निघण्याआधीच ठरवून ठेवायला हवं. माझ्या मते सगळ्या पत्राचं उत्तर या एका करारात आहे: मागच्यानं थांब म्हटलं की पुढच्यानं थांबायचं. कारण विचारायचं नाही, 'अगं थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही. अर्थात थांबायचं ते पुढच्या मोकळ्या, समोरून-मागून दिसणाऱ्या जागी. वळणाच्या पोटात नव्हे.

आपल्याकडच्या पायलटचं, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याचं, उदाहरण घ्या. पिवळ्या मडगार्डच्या काळ्या मोटरसायकलवर, अनोळखी माणसाच्या मागे आपण बायका किती निर्धास्त बसतो. "सावकाश हां, भाऊ" म्हटलं की तो वेग कमी करतो, कारण आपण गिऱ्हाईक. तिथं आपला शब्द चालतो. नवऱ्याच्या मागे बसल्यावर तोच शब्द आपण गिळतो.

तर आधी बोलणं. गाडीवर बसून नको, सासूबाईंच्या समोरही नको. एखाद्या सकाळी दोघंच पातळभाजी-पाव खायला बाहेर पडा आणि तिथं सांगा. शब्द तुमचे असू द्यात, पण सुरुवात कुठून करायची म्हणून लिहिते: "मला तुमच्याबरोबर यायचंय. पण अनमोडनंतर घाटात मी डोळे मिटून बसते. इतके दिवस सांगितलं नाही, कारण तुमची मजा जाईल असं वाटलं." एवढं सांगून थांबा. लगेच बेत बदलायची मागणी करू नका. मग त्यांना विचारा, त्या दिवशी पडल्यावर तुम्हाला काय वाटलं होतं? मला वाटतं हा प्रश्न दोन वर्षांत कोणी विचारलेला नाही. आपल्यामुळे बायकोचा हात मोडला, हे ओझं घेऊन तो माणूसही फिरत असेल. 'मजा आली ना' असं ते प्रत्येक वेळी विचारतात, त्यात कदाचित हीच विचारणा असेल की आता सगळं ठीक आहे ना.

आता रस्त्याकडे वळते. सात घाट मला मान्य नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पाच दिवसांत सात घाट म्हणजे रोज सकाळी भीती आणि रोज संध्याकाळी पाठदुखी. त्यातला तिलारीचा घाट अरुंद, भलताच खडा, वळणं कोंबडीच्या पायासारखी मुडपलेली. दोघं आणि सामान घेऊन तो चढणं-उतरणं सरावलेल्यांनाही जड जातं. दोडामार्गच्या त्या पट्ट्यात रानहत्तींचा वावर आहे, तेव्हा तिन्हीसांजेला तिथं नसलेलंच बरं. गगनबावडा-भुईबावडा फार सुंदर आहेत, पण ते कोल्हापूरच्या बाजूचे. त्यांच्यासाठी वेगळी सहल करा.

माझ्या डोळ्यांसमोर दोन घाटांची, चार-पाच दिवसांची फेरी येते. फोंड्याहून साखळी, डिचोली, दोडामार्ग, बांदा करत सावंतवाडी. या वाटेनं राष्ट्रीय महामार्गाची रहदारी बरीचशी टळते. पहिला मुक्काम सावंतवाडीत करा, संध्याकाळी मोती तलावाच्या काठानं चाला, चितारआळीत लाकडी खेळणी बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त आंबोली. अंतर सुमारे तीस किलोमीटर, म्हणजे उन्हं अंगावर आल्यावर, नऊनंतर निघालात तरी चालेल. सकाळी आठपर्यंत तिथं धुकं असलं तर वाट बघा, ते विरतं. आंबोलीला दोन रात्री राहा. हिरण्यकेशीचा उगम बघा. तिथल्या देवळाच्या कुंडात एक छोटा मासा सापडला, शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये नवी जात म्हणून त्याची नोंद केली आणि नदीचंच नाव त्याला दिलं. पुढल्या वर्षी तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या पोरांना सांगायला हे तुम्हाला नक्की आवडेल. मग आंबोलीहून चंदगडमार्गे बेळगाव. हा पठारावरचा रस्ता, ऊसशेती आणि उतरत्या कौलांची घरं. तिथं डबलसीट बसण्यात खरी गंमत आहे आणि भीतीला जागा कमी आहे. परतीला बेळगाव, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला उतरून घरी. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबा, मलप्रभा तिथं उगम पावते.

यात सगळ्यांत महत्त्वाचं असं: दोन्ही घाट तुम्ही गाडीवरूनच पार करायला हवेत असं मुळीच नाही. सावंतवाडीहून आंबोलीला एसटी जाते. बेळगावहून चोर्ल्यातून खाली गोव्याची सरकारी कदंबा बस येते. त्या सकाळी उठून मनाला विचारा, जमेल का? जमत असेल तर बसा. नसेल तर तुम्ही बसनं जा, ते गाडीनं येऊ देत, घाट संपल्यावर टपरीवर चहाला भेटा आणि पुढं पुन्हा डबलसीट. बसच्या वेळा आदल्या संध्याकाळी स्टँडवर विचारून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्यानं असं कित्येक वर्षं केलंय. खिडकीशी बसून ती त्यांना हात करायची, म्हणे. यजमानांना सुरुवातीला हे अर्धवट वाटेल. पण घाटातलं एकट्यानं चालवणं त्यांनाही हवं असतं, फक्त कधी बोललेलं नसतं.

स्वतःची स्कूटर घेऊन घाटात जायचा विचार तुमच्या मनात येईल, म्हणून आत्ताच सांगते: पहिल्या फेरीला नको. गिअरच्या मोटरसायकलला उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच धरून ठेवतं. स्कूटरला ती मदत कमी मिळते, लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड ढिली पडते. त्यापेक्षा तुम्हाला पुढं बसायची हौस असेल तर त्यांच्याकडून पठारावरच्या मोकळ्या रस्त्यावर मोटरसायकल शिकून घ्या. लायसन गिअरच्या गाडीचं लागेल. ज्या दिवशी ते तुमच्या मागे बसतील, त्या दिवशी मागच्या सीटवर काय होतं ते त्यांना मी लिहून सांगण्यापेक्षा चांगलं कळेल.

आता मागे बसण्याबद्दल, कारण हे आपल्याला कोणी शिकवतच नाही. डोळे मिटू नका. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. डोळे मिटले की गाडी कधी झुकली, ब्रेक कधी लागला हे शरीराला उशिरा कळतं, आपण ताठरतो, कधी उलट्या बाजूला कलतो, हेल्मेट हेल्मेटवर आपटतं, आणि पुढच्याला गाडी जड लागते. रामरक्षा म्हणा, पण उघड्या डोळ्यांनी. वळण डावीकडे असलं की त्यांच्या डाव्या खांद्यावरून पुढं बघा, उजवीकडे असलं की उजव्या. एवढ्यानं शरीर आपोआप गाडीबरोबर, हवं तेवढंच झुकतं. एक हात त्यांच्या कमरेला, एक मागच्या कड्याला. ज्या हाताचं मनगट मोडलं होतं त्यावर जोर येणार नाही अशी बाजू निवडा. उतारावर आपण पुढं घसरतो आणि सगळं वजन त्यांच्या पाठीवर जातं, तिथं मांड्या आवळून, पायांनी फूटरेस्टवर दाब देऊन बसा. सिग्नलपाशी थांबलात तरी पाय खाली टेकवू नका. ते काम पुढच्याचं.

दोन्हीकडे पाय टाकून बसायचं, ओढणी घरी ठेवायची. मागच्या चाकात ओढणी किंवा पदर अडकून काय होतं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. हेल्मेट दोघांनाही, पूर्ण तोंड झाकणारं, आयएसआय खुणेचं, आणि त्याचा पट्टा लावलेला. कायदा मागच्यालाही तितकाच लागू आहे, पण गोव्यात अजून मागे बसणाऱ्याचं डोकं उघडंच दिसतं आणि ते बघून मला दर वेळी चरकायला होतं. अंगात जाड जॅकेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट. मनगट एकदा मोडलंय, म्हणून हातमोज्यांत काटकसर नको.

यजमानांसाठीही चार ओळी, त्यांना वाचायला द्या. दोघं बसणार असतील तर मागच्या टायरमधली हवा जास्त लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. मागचे शॉकअप एक-दोन खाचा घट्ट करून घ्या, नाहीतर वजनानं मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर गाडी आपल्या मनाची ऐकत नाही. जड सामान मागच्या पेटीत नको, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत आणि जमेल तितकं खाली. उतारावर न्यूट्रल टाकून गाडी सोडू नका. ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, तुम्ही उतरत असाल तर थांबा. संध्याकाळी पाचच्या आत घाट सोडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारू लागतं, आणि आंबोली, चोर्ला दोन्हीकडे त्या वेळेला गवे रस्त्यावर येतात. गवा हा आपला राज्यप्राणी, त्याला वळणावर अवचित भेटण्यात काही शोभा नाही.

खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, असं काहीतरी ठरवा. हेल्मेटमध्ये बसणारा इंटरकॉम घेतलात तर उत्तमच. महाग आहे, पण 'पुढं वळण आहे, ब्रेक लावतोय' एवढे शब्द कानावर पडले तरी मागच्याची अर्धी भीती कमी होते. मघाशी एसटीच्या ड्रायव्हरबद्दल म्हटलं तेच, पुढं काय होणार ते आधी कळतं. इंटरकॉम नसला तर त्यांना नुसतं मोठ्यानं बोलायला सांगा.

एक गोष्ट बायका पत्रांत लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. शौचालयाची सोय कुठं असेल या धास्तीनं आपण पाणी पीत नाही. मग डोकं दुखतं, चक्कर येते, आणि ती भीतीच आहे असं वाटतं. दर तासाला थांबायचं, चांगलं हॉटेल किंवा पेट्रोलपंप दिसला की गरज नसली तरी उतरायचं, आणि पाणी प्यायचं. आपल्या वयात कंबर आणि मूत्राशय दोघंही तासाभरापेक्षा जास्त वाट बघत नाहीत.

डिसेंबरच्या आधी सराव हवा. एकदम आंबोली नको. पहिल्या रविवारी सकाळी फक्त म्हार्दोळ-मंगेशीपर्यंत, डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी साखळीहून केरीला, अंजुणे धरणाचं पाणी बघून परत. केरी म्हणजे सत्तरीतलं. आपल्या फोंड्याचं नव्हे आणि पेडण्याचंही नव्हे, यजमानांना ते नीट सांगा. मग एकदा चोर्ल्याची पहिली काही वळणं चढून, तुम्ही म्हणाल तिथून मागं. मागं फिरायचं ठिकाण तुम्ही ठरवायचं आणि त्यांनी ते पाळायचं. अशा तीनचार फेऱ्यांत 'माझा शब्द इथं चालतो' हे शरीराला पटलं, तर पोटातला गोळा हळूहळू सैल होईल असं मला वाटतं. अनमोड मात्र या वर्षी नको. तो पुढं कधीतरी, तुम्हाला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर नको.

आणि सराव करूनही भीती तशीच राहिली, रात्री तो प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असला, स्कूटरवरही छाती धडधडू लागली, तर समुपदेशकाकडे जा. अपघातानंतर असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरवर फुकट आहे, आणि बांबोळीला मानसोपचार संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे. मोडलेल्या मनगटासाठी तुम्ही हाडाच्या डॉक्टरकडे गेलातच ना, तसंच हे. वाटेत काही झालं तर 108 आणि 112 दोघांच्याही फोनमध्ये असू द्यात. घाटात रेंज जाते, म्हणून कुठून कुठं आणि किती वाजता पोचणार ते घरी कोणाला तरी आधी सांगून निघा.

सासूबाईंबद्दल तुम्ही अर्धं पानभर लिहिलंय, मी दोनच ओळी लिहीन. त्यांना तुमच्या यजमानांनी सांगायचं, तुम्ही नव्हे. "आई, आम्ही दोघांनी ठरवलंय, घाटात ती बसनं येणार," एवढं मुलाच्या तोंडून आलं की विषय संपतो.

बेत पटला तर आंबोलीची खोली आत्ताच सांगून ठेवा आणि शनिवार-रविवार टाळा. डिसेंबरात तिथं गर्दी असते. खोली सांगताना तळमजल्याची मागा. दिवसभर मागे बसून आल्यावर जिने चढवत नाहीत.